गृहमंत्र्यांचा आदेश कागदावर यावा : महाराष्ट्र विधिमंडळाच्या सदस्यांना खुले पत्र

महाराष्ट्र विधानसभेच्या व विधान परिषदेच्या सन्माननीय सदस्यांस,
सविनय नमस्कार.

नियम २९३ खालील चर्चा असो की विरोधी पक्षाचा अंतिम आठवडा प्रस्ताव, कायदा व सुव्यवस्थेचा विषय आपल्या सभागृहांत सहसा चुकत नाही. गृहमंत्र्यांचा राजीनामा मागितला जातो, गृहमंत्री गुन्ह्यांची आकडेवारी वाचतात, मागच्या सरकारच्या काळातले आकडे शेजारी मांडले जातात आणि विषय पुढच्या अधिवेशनापर्यंत मिटतो. या सगळ्यात एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो. गृहमंत्री पोलिसांना कोणता आदेश देऊ शकतात, कोणता देऊ शकत नाहीत, आणि त्यांनी दिलेला आदेश कोठे नोंदलेला असतो? हे पत्र या एकाच प्रश्नासाठी लिहीत आहे.

माझी सगळी नोकरी मंत्रालयात झाली, पण गृह विभागात नव्हे. त्यामुळे कुठल्याही आतल्या गोष्टी सांगण्याचा आव मी आणत नाही. नस्ती, म्हणजे फाईल, कशी चालते एवढे मात्र मला ठाऊक आहे. कार्यासनाने, म्हणजे विभागातील खालच्या टेबलाने, टिपणी लिहायची, अवर सचिव आणि उपसचिवांनी सही करायची, सचिवांनी ‘मा. मंत्री महोदयांच्या आदेशार्थ सादर’ असे लिहून वर पाठवायची. सरळ विषयाची नस्ती मंजुरीची सही घेऊन खाली येते. अडचणीच्या विषयाची नस्ती परत येते तेव्हा तिच्यावर दोनच शब्द असतात : ‘चर्चा करावी.’ चर्चा होते. चर्चेत काय ठरले ते कोणी लिहीत नाही. काही दिवसांनी खालून सुधारित टिपणी वर जाते, तिच्यात प्रस्ताव नेमका उलटा झालेला असतो आणि तो उलटा करण्याची बुद्धी कार्यासनालाच झाली होती असे कागदावरून दिसते. रस्त्याच्या किंवा पाणीपुरवठ्याच्या कामात असे झाले तर सरकारचे पैसे जातात. पोलिसांच्या बाबतीत तसे झाले तर माणसाचे स्वातंत्र्य जाते, कधी जीवही जातो. म्हणून सगळ्या खात्यांना सोडून या एका पदाबद्दल मी लिहीत आहे.

हे पद लोकनियुक्त सभागृहाने निर्माण केलेले नाही, ते आपल्याला तयार मिळालेले आहे. १९१९ च्या कायद्याने प्रांतांत द्विदल राज्यपद्धती आली तेव्हा शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य असे विषय हिंदी मंत्र्यांकडे सोपवले गेले, पण पोलीस, न्याय आणि तुरुंग हे ‘राखीव’ राहिले. मुंबई इलाख्यात ते गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळातील गृह सदस्याकडे असत. कायदेमंडळाचे सभासद त्याला प्रश्न विचारू शकत, त्याच्याविरुद्ध ठराव करू शकत; त्याला पदावरून काढू मात्र शकत नसत, कारण तो सभागृहाला नव्हे तर गव्हर्नरला जबाबदार होता. १९३० साली सोलापुरात मार्शल लॉ पुकारला गेला आणि पुढे जानेवारी १९३१ मध्ये चौघांना फाशी झाली, तेव्हाची व्यवस्था ही अशी होती. गृह सदस्य राहिलेले सर अर्नेस्ट हॉटसन हंगामी गव्हर्नर म्हणून २२ जुलै १९३१ रोजी पुण्याच्या फर्ग्युसन महाविद्यालयात आले असताना वासुदेव बळवंत गोगटे या विद्यार्थ्याने त्यांच्यावर गोळ्या झाडल्या, हॉटसन बचावले. जाब विचारण्याची सनदशीर वाट जेथे बंद असते तेथे काय घडते याचा हा दाखला आहे, आणि महाराष्ट्राला तो वेगळा सांगण्याची गरज नसावी.

१९३५ च्या कायद्याने प्रांतिक स्वायत्तता दिली तेव्हा पोलीस खाते निवडून आलेल्या मंत्र्याच्या हाती द्यावे की नाही यावर लंडनमध्ये बराच खल झाला होता. शेवटी ते दिले गेले, पण हात आखडून. कायद्याच्या कलम ५६ ने पोलीस दलाच्या संघटनेस व शिस्तीस बाधा आणू शकतील अशा नियमांबाबत अंतिम निर्णय गव्हर्नरच्या स्वतःच्या विवेकावर ठेवला. कलम ५८ तर याहून पुढे गेले : हिंसक राजकीय कटांची खबर कोणी दिली, ती माहिती गव्हर्नरच्या अनुमतीशिवाय पोलिसांनी दुसऱ्या कोणालाही, म्हणजे गृहमंत्र्यालाही, सांगायची नाही. कालपर्यंत तुरुंगात असलेल्या मंडळींच्या हाती त्यांच्यावर पाळत ठेवणाऱ्यांची नावे जाऊ नयेत हा त्यातला हेतू उघड होता. हेतू साम्राज्याच्या सोयीचा असला तरी एक गोष्ट नोंदवण्यासारखी आहे. मंत्री आणि पोलीस यांच्यामध्ये कायद्याने आखलेली रेषा त्या व्यवस्थेत होती. स्वातंत्र्यानंतर ती पुसली गेली, जे योग्यच होते; तिच्या जागी लोकशाहीला शोभेल अशी दुसरी रेषा आखायची मात्र राहून गेली.

जुलै १९३७ मध्ये मुंबई प्रांतात बाळासाहेब खेर यांचे काँग्रेस मंत्रिमंडळ आले आणि कन्हैयालाल मुनशी गृहमंत्री झाले. पेशाने नामांकित वकील आणि सत्याग्रहात तुरुंगवास भोगलेले हे गृहस्थ ज्या दलाने त्यांना पकडले होते त्याच दलाचे प्रमुख झाले. पुढच्याच वर्षी, ७ नोव्हेंबर १९३८ रोजी, औद्योगिक कलहांविषयीच्या विधेयकाविरुद्ध मुंबईत कामगारांचा संप झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा स्वतंत्र मजूर पक्ष आणि कम्युनिस्ट त्यात एकत्र होते. संपाच्या दिवशी पोलिसांनी गोळीबार केला. सरकारने चौकशी समिती नेमली, आणि १९३९ मध्ये तिच्या अहवालावर विधानसभेत चर्चा झाली तेव्हा बाबासाहेब तेथे बोलले. निवडून आलेल्या सरकारच्या पोलिसांनी आपल्याच मतदारांवर केलेल्या गोळीबाराचा हिशोब सभागृहात मागितला जाण्याच्या या भूमीतील अगदी पहिल्या प्रसंगांपैकी हा एक असावा. तेव्हा उपस्थित झालेल्या प्रश्नांची धाटणी आजच्या तारांकित प्रश्नांसारखीच आहे, एवढेच नव्हे तर उत्तरांचीही.

१९४६ मध्ये काँग्रेस परत आली तेव्हा गृह आणि महसूल ही खाती मोरारजी देसाईंकडे गेली. त्यांच्या कारकिर्दीत १८९० चा जिल्हा पोलीस कायदा आणि १९०२ चा मुंबई शहर पोलीस कायदा एकत्र करून १९५१ चा मुंबई पोलीस अधिनियम झाला. आज त्याचे नाव महाराष्ट्र पोलीस अधिनियम आहे आणि आपण सगळे अजून त्याच्याच छायेत राहतो. त्याचे कलम ४ आपण एकदा पुन्हा वाचावे अशी माझी विनंती आहे. राज्यातील पोलीस दलाचे अधीक्षण राज्य शासनाकडे राहील आणि कोणत्याही अधिकाऱ्याचे नियंत्रण, निदेशन वा पर्यवेक्षण या अधीक्षणाला अधीन असेल, एवढेच ते सांगते. अधीक्षण म्हणजे काय, ते कोणत्या बाबींत चालते, तपासाच्या आत ते कुठवर शिरू शकते, ते तोंडी असू शकते की लेखीच हवे, यातले काहीही त्यात नाही. ‘शासन’ म्हणजे व्यवहारात गृहमंत्री. त्यामुळे एका न बांधलेल्या अधिकारावर एक मंत्रिपद पंचाहत्तर वर्षे उभे आहे.

या अधिकाराची किंमत महाराष्ट्राने राज्य म्हणून जन्माला येण्याआधीच मोजली. संयुक्त महाराष्ट्राच्या आंदोलनात नोव्हेंबर १९५५ आणि जानेवारी १९५६ मध्ये मुंबईत झालेल्या गोळीबारांच्या वेळी मोरारजी देसाई मुख्यमंत्री होते. आंदोलनात शंभरांहून अधिक माणसे हुतात्मा झाली. गोळीबाराच्या न्यायालयीन चौकशीची मागणी झाली; ती मान्य झाली नाही. चिंतामणराव देशमुखांनी १९५६ मध्ये केंद्रीय अर्थमंत्रिपदाचा राजीनामा दिला तेव्हा मुंबईचा प्रश्न तर त्यांनी मांडलाच, पण या चौकशीच्या नकाराचाही जाब विचारला. हुतात्मा चौकात आपण दर वर्षी फुले वाहतो. कोणी, केव्हा, कोणत्या शब्दांत आदेश दिले याचा अधिकृत शोध मात्र घेतला गेला नाही, आणि १९६० नंतर सत्तेवर आलेल्या आपल्याच माणसांनीही तो विषय उकरून काढला नाही.

पुढच्या काळाची मंत्र्यांनुसार यादी देत बसण्यात अर्थ नाही. ती कुठल्याही संदर्भपुस्तकात मिळते. माझ्या मुद्द्याला उपयोगी पडतील असे काही प्रसंग फक्त घेतो.

डिसेंबर १९९२ आणि जानेवारी १९९३ च्या मुंबईतील दंगलींची चौकशी न्यायमूर्ती श्रीकृष्ण यांच्या आयोगाने केली. आयोग १९९३ मध्ये नेमला गेला, १९९६ मध्ये युती सरकारने तो गुंडाळला, काही महिन्यांत पुन्हा नेमला, आणि फेब्रुवारी १९९८ मध्ये त्याने अहवाल दिला. राजकीय नेतृत्वाची चालढकल आणि पोलीस आयुक्तांकडे जाणारे परस्परविरोधी आदेश यांवर अहवालाने कठोर ताशेरे ओढले. लष्कराचा परिणामकारक वापर करण्याचे आदेश निघण्यात मोलाचे चार दिवस गेले असे त्यात म्हटले आहे. निष्कर्ष काढायला आयोगाला पाच वर्षे लागली, कारण साक्षी घ्याव्या लागल्या, आठवणी ताडून पाहाव्या लागल्या. आदेश वेळच्या वेळी नोंदले गेले असते तर चार दिवसांचा हिशोब एका दुपारी निघाला असता.

११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात राज्य राखीव पोलीस दलाच्या गोळीबारात दहा जण मृत्युमुखी पडले. गोपीनाथ मुंडे तेव्हा उपमुख्यमंत्री आणि गृहमंत्री होते. गुंडेवार आयोग बसला, खटला चालला, आणि २००९ मध्ये एका उपनिरीक्षकाला जन्मठेप झाली. शिक्षा योग्य की अयोग्य या वादात मी शिरत नाही. माझे म्हणणे इतकेच की खालच्या पायरीवरच्या माणसाची नोंद सापडते, त्याच्या हातात बंदूक असते, त्याची डायरी असते, त्याचे नाव हजेरीपटावर असते. वरच्या पायऱ्यांवर अशी नोंद ठेवण्याची सक्तीच नाही.

याच्या उलट दोन प्रसंग आहेत, आणि ते मला फार बोलके वाटतात. जुलै २००० मध्ये छगन भुजबळ गृहमंत्री असताना ‘सामना’तील १९९३ मधील अग्रलेखांबद्दल बाळासाहेब ठाकरे यांना अटक झाली. त्या प्रकारच्या गुन्ह्यात खटल्याला शासनाची मंजुरी लागते, म्हणून निर्णय कागदावर होता. दंडाधिकाऱ्यांनी मुदत उलटून गेल्याच्या कारणावरून त्याच दिवशी प्रकरण निकालात काढले. त्या निर्णयाला कोणी सूड म्हणो, कोणी कर्तव्य. तो कोणाचा होता, केव्हाचा होता आणि कायद्यात बसत होता की नाही हे चोवीस तासांत सगळ्या महाराष्ट्राला कळले. दुसरा प्रसंग गृहमंत्री आर. आर. (आबा) पाटलांच्या डान्सबार बंदीचा. २००५ मध्ये त्यांनी याच पोलीस अधिनियमात दुरुस्ती करून बंदी आणली. आपल्या सभागृहांनी ती मंजूर केली, २००६ मध्ये उच्च न्यायालयाने ती रद्द ठरवली, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो निर्णय कायम ठेवला. आबांची भूमिका पटो वा न पटो, गृहमंत्र्याने आपली इच्छा कायद्याच्या रूपाने सभागृहापुढे ठेवली आणि तिची परीक्षा खुलेपणाने झाली. बारवर गुपचूप छापे घालायला सांगून त्यांना तेच साधता आले असते. कदाचित अधिक सहज.

जेथे कागद नाही तेथे आपल्याकडे उरतो तो राजीनामा. डिसेंबर २००३ मध्ये बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणाचे सावट असताना आणि एका वाहिनीच्या कार्यालयावर पक्षाच्या कार्यकर्त्यांनी हल्ला केल्यानंतर भुजबळ पदावरून गेले. २६ नोव्हेंबर २००८ च्या हल्ल्यानंतर आर. आर. पाटलांनी १ डिसेंबरला राजीनामा दिला, आणि लोकांच्या लक्षात राहिले ते त्यांच्या तोंडून गेलेले, हल्ला किरकोळ ठरवणारे वाटलेले एक हिंदी वाक्य. हल्ल्याच्या चौकशीसाठी नेमलेल्या राम प्रधान समितीने मात्र दुखणे दुसरीकडे दाखवले : केंद्राकडून आलेल्या गुप्त इशाऱ्यांवर राज्य शासनाच्या पातळीवर होणाऱ्या कार्यवाहीत तिला पूर्ण गोंधळ आढळला. म्हणजे मंत्री गेले ते वाक्यामुळे, आणि नस्त्या जिथल्या तिथे राहिल्या. वर्षभराने निवडणूक झाली आणि आबा त्याच खात्यात परत आले. लोकांना त्यात काही वावगे वाटले नाही, मलाही नाही. राजीनाम्याने माणूस बदलतो आणि कधी कधी तोही बदलत नाही. पदाच्या कामाची रीत त्याने बदलत नाही.

एप्रिल २०२१ चा राजीनामा तर याच दुखण्याचा सर्वांत उघडा नमुना आहे. मुंबईच्या माजी पोलीस आयुक्तांनी मार्चमध्ये मुख्यमंत्र्यांना पत्र लिहून तत्कालीन गृहमंत्री अनिल देशमुख यांनी अधिकाऱ्यांना बोलावून पैसे गोळा करण्यास सांगितल्याचा आरोप केला, श्री. देशमुख यांनी तो सातत्याने नाकारला. उच्च न्यायालयाने ५ एप्रिलला प्राथमिक चौकशीचा आदेश दिला आणि त्याच दिवशी त्यांनी पद सोडले. आरोपाच्या खरेखोटेपणाचा निवाडा करणे माझे काम नाही आणि या पत्राचेही नाही. वाद कशाचा होता तेवढे पाहा : एका मंत्र्याने काही अधिकाऱ्यांना शासकीय निवासस्थानी काय सांगितले. त्या भेटींची, त्यांतील विषयांची आणि सूचनांची नोंद ठेवण्याचे बंधन असते तर आरोप करणाऱ्याला तो त्याच आठवड्यात सिद्ध करावा लागला असता, किंवा मंत्र्यांना तो त्याच आठवड्यात खोडून काढता आला असता. लेखी आदेशाची सक्ती ही मंत्र्याविरुद्धची तरतूद आहे असे ज्यांना वाटते त्यांनी हे प्रकरण मंत्र्याच्या बाजूने एकदा विचारात घ्यावे.

आता बुलढाणा जिल्ह्याकडे येतो, कारण लेखी नोंदीने काय होऊ शकते हे तेथे दिसले. २००६ साली, विदर्भात कर्जापायी शेतकऱ्यांच्या आत्महत्या होत असताना, खामगावात एका आमदाराच्या सावकारी करणाऱ्या कुटुंबाविरुद्ध शेतकऱ्यांच्या तक्रारी पोलिसांकडे येत होत्या. मुख्यमंत्री कार्यालयातून खासगी सचिवांचा दूरध्वनी आला, की या कुटुंबाविरुद्धची तक्रार आधी जिल्हा समितीपुढे जाऊ द्यावी, कायदेशीर मत घ्यावे, मग काय ते करावे. असे दूरध्वनी महाराष्ट्रातल्या पोलीस ठाण्यांना नवे नाहीत, हे आपण सर्व जाणता. नवे हे होते की ठाण्यातल्या कोणीतरी त्याची नोंद स्टेशन डायरीत करून ठेवली. ती नोंद उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे आली, तेथून सर्वोच्च न्यायालयात गेली, आणि डिसेंबर २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या हस्तक्षेपावर कडक शब्दांत नापसंती व्यक्त करून उच्च न्यायालयाने लावलेला २५ हजारांचा खर्च वाढवून राज्य शासनावर १० लाख रुपयांचा केला. ते दहा लाख अर्थात तुमच्याआमच्या करातून गेले. ज्या अधिकाऱ्याने ती ओळ लिहिली त्याने ती सवयीने लिहिली की जाणूनबुजून, याची मला उत्सुकता आहे. आणखी एक बाब सहज डोळ्यांत भरते : या सगळ्या व्यवहारात गृहमंत्री कुठेच नव्हते. गृहखाते वेगळ्या मंत्र्याकडे असतानाही ठाण्यापर्यंत वाट दुसऱ्याच दालनातून जात होती.

म्हणूनच गृहखाते मुख्यमंत्र्यांनी स्वतःकडे ठेवावे की नाही, या आपल्या आवडत्या वादात मला फारसे हशील दिसत नाही. २०१४ ते २०१९ ते मुख्यमंत्र्यांकडे होते, २०२२ पासून उपमुख्यमंत्र्यांकडे होते, आणि डिसेंबर २०२४ च्या खातेवाटपात पुन्हा मुख्यमंत्र्यांकडे आले. विधी व न्याय खातेही त्याच हाती आहे. पोलीस आणि न्याय ही दोन खाती एकाच व्यक्तीकडे असणे मला खटकते, आणि त्याचे कारण पुढे सांगतो. पण खाते कोणाकडे आहे यापेक्षा त्या खात्याचा आदेश कसा निघतो हा प्रश्न मोठा आहे.

या विषयावर सांगणाऱ्यांची उणीव कधीच नव्हती. आणीबाणीनंतर नेमलेल्या धर्मवीर यांच्या अध्यक्षतेखालील राष्ट्रीय पोलीस आयोगाने १९७९ च्या दुसऱ्या अहवालातच सुचवले होते की शासनाचे अधीक्षण पोलिसांचे काम काटेकोरपणे कायद्यानुसार चालते की नाही हे पाहण्यापुरते मर्यादित असावे. माजी पोलीस महासंचालक प्रकाश सिंह यांच्या याचिकेवर सर्वोच्च न्यायालयाने २२ सप्टेंबर २००६ रोजी सात निर्देश दिले. राज्य सुरक्षा आयोग, पोलीस आस्थापना मंडळ, तक्रार प्राधिकरण आणि अधिकाऱ्यांना किमान दोन वर्षांची मुदत हे त्यांतले मुख्य. आठ वर्षांनी, २०१४ मध्ये, महाराष्ट्राने पोलीस अधिनियमात दुरुस्ती केली. मंडळे झाली, मुदती ठरल्या. पण राज्य सुरक्षा आयोगाच्या अध्यक्षपदी स्वतः गृहमंत्री बसले, आणि मुदतपूर्व बदलीसाठी लोकहित व प्रशासकीय निकड यांचे दार उघडे राहिले. त्या दारातून किती जण जातात हे आपल्याला माझ्यापेक्षा अधिक ठाऊक आहे, कारण शिफारसपत्रे आपल्याच लेटरहेडवर लिहिली जातात. हे टोचून बोलणे वाटल्यास क्षमा असावी, पण बदल्यांच्या या बाजारात मंत्र्यालाच एकट्याला दोष देणे प्रामाणिकपणाचे होणार नाही.

अखिल भारतीय सेवांच्या वर्तणूक नियमांत वरिष्ठाचा आदेश सर्वसाधारणपणे लेखी असावा आणि तोंडी दिला तर मागाहून लेखी कायम करावा, असे आधीपासून आहे. ऑक्टोबर २०१३ मध्ये माजी कॅबिनेट सचिव टी. एस. आर. सुब्रमणियन यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने स्पष्टच सांगितले की प्रशासकीय अधिकाऱ्यांनी राजकीय नेतृत्वाच्या तोंडी सूचनांवर काम करू नये, त्या नोंदवून घ्याव्यात. मग अडते कुठे? हा सगळा भार खालच्यावर आहे. लेखी मागणारा अधिकारी दुसऱ्या दिवशी ‘लेखी मागणारा’ म्हणून ओळखला जातो, आणि त्याला नक्षलग्रस्त भागात किंवा प्रशिक्षण केंद्रात पाठवायला कुणाचीही हरकत नसते. बंधन सांगणाऱ्यावर हवे, ऐकणाऱ्यावर नव्हे.

अभियोगाची गोष्टही याच मालेतली आहे. १९७३ ची नवी फौजदारी प्रक्रिया संहिता लागू झाल्यावरही महाराष्ट्रात दंडाधिकारी न्यायालयांतले सरकारी अभियोक्ते पोलीस खात्याच्याच हुकमतीखाली काम करत राहिले. ज्या खात्याने तपास केला त्यालाच खटल्याबाबत निर्णय घेणाऱ्याच्या कामाचा गोपनीय अहवाल लिहिता येई. १९९५ मध्ये शहाणे आणि इतर विरुद्ध महाराष्ट्र राज्य या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने त्यांना पोलिसांच्या नियंत्रणातून काढून वेगळा संवर्ग करण्याचा आदेश दिला. अभियोग संचालनालय झाले, आणि ते गृह विभागाखाली ठेवले गेले. आता फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जागी आलेल्या भारतीय नागरी सुरक्षा संहितेच्या कलम २० नेही संचालकांना गृह विभागाच्याच प्रशासकीय नियंत्रणात ठेवले आहे. अभियोक्ता पोलीस अधीक्षकाच्या हाताखालून सुटला आणि पोलिसांच्या मंत्र्याच्या हाताखाली गेला. तुरुंग आणि न्यायसहायक प्रयोगशाळाही त्याच विभागात आहेत. पकडणारा, पुरावा तपासणारा, खटला मांडणारा आणि कोठडीत ठेवणारा, हे चौघेही एकाच मंत्र्याला जबाबदार असताना त्याच मंत्र्याच्या दुसऱ्या खात्यातून सत्र न्यायालयांतले सरकारी वकील नेमले जावेत, ही रचना कोणाही एका व्यक्तीवर अविश्वास न दाखवताही सदोष म्हणता येते. इंग्लंडमध्ये १७८२ पासून चालत आलेल्या गृहखात्यातून २००७ मध्ये तुरुंग काढून घेऊन स्वतंत्र न्याय मंत्रालयाकडे दिले गेले. अभियोग तर तेथे त्याच्या वीस वर्षे आधीच पोलिसांपासून वेगळा झाला होता.

लेखी आदेशाच्या बाबतीत मी सुचवतो ते काही जगावेगळे नाही. ऑस्ट्रेलियाच्या क्वीन्सलँड राज्यात १९८७ ते १९८९ या काळात फिट्झगेराल्ड चौकशीने पोलीस आणि राजकारणी यांचे साटेलोटे उघड केले. तिथला पोलीस आयुक्त आणि काही मंत्री पुढे तुरुंगात गेले. त्यानंतर झालेल्या १९९० च्या कायद्यात त्यांनी एक तरतूद घातली. मंत्री पोलीस आयुक्ताला धोरणाबाबत आणि कामाच्या अग्रक्रमाबाबत निर्देश देऊ शकतात, पण लेखी. आयुक्ताने अशा निर्देशांची नोंदवही ठेवायची. आणि तिची प्रत दर वर्षी भ्रष्टाचार तपासणाऱ्या स्वतंत्र आयोगामार्फत विधिमंडळाच्या समितीकडे जाऊन सभागृहासमोर येते. मंत्र्याचा अधिकार त्यांनी काढून घेतला नाही. लोकांनी निवडून दिलेल्या माणसाला पोलिसांवर काहीच अधिकार नसावा असे मीही म्हणत नाही. तसे झाले तर आपण फिरून गृह सदस्याच्या काळात जाऊ, फक्त गव्हर्नरच्या जागी पोलीस महासंचालक येतील.

आपल्याकडे यावर पहिला आक्षेप गोपनीयतेचा येईल. नक्षलविरोधी मोहीम, दहशतवादाचा तपास, एखाद्या दंगलीत पहाटे तीन वाजता द्यावा लागणारा आदेश, यांचे काय? तातडीचा आदेश तोंडी द्यावा आणि ७२ तासांत लेखी कायम करावा. गोपनीय आदेशाची नोंद व्हावी, पण तो सभागृहासमोर मजकुराविना, केवळ तारीख आणि क्रमांकासह यावा, आणि मजकूर विरोधी पक्षनेत्यांचा समावेश असलेल्या राज्य सुरक्षा आयोगाने पाहावा. ते त्या आयोगाचे सदस्य कायद्याने आहेतच. दुसरा आक्षेप असा येईल की असे केले तर मंत्री लेखी काहीच देणार नाहीत आणि सगळे दूरध्वनीवर चालेल. चालेल, काही काळ चालेलच. पण नोंदवहीत नसलेला आदेश पाळणाऱ्या अधिकाऱ्याला ‘वरून सांगितले होते’ हा बचाव उरणार नाही, आणि एकदा तो बचाव गेला की दूरध्वनीला हो म्हणणारे कमी होतील.

तपासाच्या बाबतीत मी याहून पुढे जाईन. एखाद्या विशिष्ट व्यक्तीला अटक करावी वा करू नये, विशिष्ट प्रकरणात दोषारोपपत्र दाखल करावे वा करू नये, कोणते कलम लावावे वा वगळावे, असा निर्देश गृहमंत्री, मुख्यमंत्री वा त्यांचे कार्यालय यांनी लेखी वा तोंडी देणे हा अधिकारच नसावा, आणि दिल्यास तो शिस्तभंगाचा नव्हे तर दंडनीय विषय असावा. तपास दुसऱ्या यंत्रणेकडे सोपवण्याचा शासनाचा अधिकार त्यातून वगळता येईल, कारण तो कागदावरच वापरला जातो.

आपल्या प्रश्नोत्तरांच्या यादीत वर्षानुवर्षे एक ठसा दिसतो. ‘अमुक पोलीस ठाण्यात तमुक गुन्हा नोंदवण्यास टाळाटाळ होत आहे, हे खरे आहे काय, असल्यास याबाबत शासनाने चौकशी केली आहे काय, नसल्यास विलंबाची कारणे काय आहेत?’ आणि उत्तर : ‘(१) हे खरे नाही. (२) व (३) प्रश्न उद्भवत नाही.’ नोंदवही असेल तर आपल्याला वेगळा प्रश्न विचारता येईल : या प्रकरणाबाबत शासनाने पोलिसांना कोणत्या तारखेला कोणता निर्देश दिला? त्याला ‘उद्भवत नाही’ असे उत्तर देणे खोटे ठरू शकते, आणि सभागृहात खोटे उत्तर दिल्याचे परिणाम आपल्या विशेषाधिकार समितीला ठाऊक आहेत.

हे सरकारी विधेयक म्हणून येईल अशी आशा मी कोणत्याही पक्षाच्या सरकारकडून धरत नाही. पण अशासकीय विधेयक मांडण्याचा हक्क आपल्यापैकी मंत्री नसलेल्या प्रत्येकाला आहे आणि त्यासाठी अधिवेशनातला शुक्रवार राखून ठेवलेला असतो. कलम ४ नंतर ४-अ म्हणून एक कलम घालायचे, त्यात लेखी निर्देश, नोंदवही, ७२ तासांची मुदत, तपासातील हस्तक्षेपाला मनाई आणि वार्षिक प्रत सभागृहासमोर ठेवणे, एवढे आले की पुरे. मसुदा दोन पानांपेक्षा मोठा होणार नाही. अशासकीय विधेयके बहुधा मंजूर होत नाहीत हे मी जाणतो. तरी ते मांडले गेले की चर्चेला उत्तर देताना गृहमंत्र्यांना उभे राहून सांगावे लागेल की पोलिसांना दिलेले आपले आदेश लिहून ठेवायला त्यांची हरकत आहे की नाही, आणि असल्यास का. ते उत्तर विधिमंडळाच्या कार्यवाहीत छापले जाईल. येत्या अधिवेशनासाठी सूचना देण्याची मुदत विधानमंडळ सचिवालयाकडून समजेल. मसुदा नेटका करण्यासाठी कुणा सदस्याला जुन्या कारकुनी हाताची मदत लागली तर मी ती आनंदाने करीन, सदस्य कोणत्याही पक्षाचे असोत.

आपला विश्वासू,
मंत्रालयातील एक सेवानिवृत्त कार्यासन अधिकारी